आधी काटा, मग भाव

चाकावरचं घर : लेखांक ६

कॅराव्हॅन म्हटलं की आमच्या वाईकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे दोनच गाड्या येतात. पहिली ‘स्वदेस’मधली. डिसेंबर २००४ मध्ये आलेल्या त्या चित्रपटात नासात काम करणारा मोहन भार्गव गावात आपली सोय होईल की नाही या धास्तीनं दिल्लीहून कॅराव्हॅन भाड्यानं घेऊन चरणपूरला येतो. पडद्यावरचं चरणपूर उत्तर प्रदेशातलं असलं, तरी चित्रीकरण झालं ते आपल्या मेणवलीत, नाना फडणविसांच्या घाटावर आणि आसपासच्या गल्ल्यांत. दुसरी गाडी म्हणजे शूटिंगच्या हंगामात धोम रस्त्याला नाहीतर एखाद्या मळ्याच्या कडेला उभी असणारी व्हॅनिटी व्हॅन. काळ्या काचांची, आणि शेजारी जनरेटर धडधडत असलेली.

या दोन गाड्यांतला फरक ध्यानात आला की कॅराव्हॅन खरेदीतल्या निम्म्या चुका टळतात. व्हॅनिटी व्हॅन दिवसभर एका जागी उभी असते. तिच्यात संगमरवरी दिसणारा ओटा, मोठा टीव्ही, मागे कलणाऱ्या खुर्च्या, आरशाभोवती दिव्यांची माळ, काहीही बसवा. वीज शेजारच्या जनरेटरवरून येते. आपल्याला हवी ती गाडी मात्र बिऱ्हाड पाठीवर घेऊन पसरणीचा घाट चढणारी. वाईपासून पाचगणीपर्यंत बारा-तेरा किलोमीटरांत साडेपाचशे मीटरहून जास्त चढ आहे, आणि तेवढाच उतारही. बॉडी बांधणाऱ्यांकडे ‘ऑप्शन’ची जी रंगीत यादी मिळते, ती बरीचशी व्हॅनिटी व्हॅनच्या धंद्यातून आलेली असते. त्यामुळे ती यादी हातात घेतानाच थोडं सावध असावं.

आमचे दाजी भुईंजचे. पसरणीच्या घाटात आयुष्यभर एसटी चालवली, निवृत्त झाले, आणि आता बहिणीला घेऊन स्वतःच्या गाडीतून कन्याकुमारीपर्यंत जायचं त्यांच्या मनानं घेतलंय. शेडमध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या कानाशी लागून म्हणाले, “पाव्हणं, बैल घेताना आपण दात बघतो. ह्येचं काय बघायचं?”

प्रश्न अगदी नेमका होता. पुसेगावच्या किंवा खरसुंडीच्या बाजारात खिलारी खोंड घेणारा माणूस आधी तोंड उघडून दात मोजतो. आदत आहे, दुसा आहे की जुळलेला, ते बघतो. चार पावलं चालवून पाहतो. मग उपरण्याखाली बोटं धरून भावाची बोलणी. आधी जनावर, मग रक्कम. गाडीच्या शेडमध्ये मात्र हाच माणूस आत शिरल्या शिरल्या विचारतो, “शेवटचं किती होईल?”

दाजींना मी म्हटलं, हिचे दात म्हणजे हिचं वजन.

गाडीच्या आरसीत दोन वजनं असतात. एक रिकाम्या गाडीचं, दुसरं भरलेल्या गाडीचं, म्हणजे आपण ज्याला ‘पासिंग’ म्हणतो ते. या दोहोंमधल्या फरकात तुमचा सगळा संसार बसवायचा असतो. दाजींच्या गाडीचं पासिंग ३,५०० किलो. बांधून झालेली रिकामी गाडी २,८५० भरेल असं बांधणाऱ्यानं सांगितलं. उरले ६५०. ऐकायला बक्कळ वाटतं. दाजी, ताई आणि बरोबर दोन माणसं धरली की २८० गेले. वापराच्या पाण्याची टाकी १०० लिटरची, म्हणजे १००. पिण्याच्या पाण्याचे दोन जार, ४०. अंथरूण-पांघरूण, कपडे, भांडी, शिधा मिळून १०० धरा, आणि ताई बरोबर असल्यावर ते कमीच. छोटा सिलेंडर नि शेगडी १५. जॅक, हत्यारं, दोर, प्लगची गुंडाळी ३०. बेरीज ५६५. शिल्लक राहिले ८५ किलो.

आता यादी उघडा. टपावरचा एसी ३५ किलो, बाजूला उघडणारं छत २५, जनरेटर ४०. हे तिन्ही घेतले तर शंभर झाले, म्हणजे गाडी पासिंगच्या वर गेली. अशी गाडी पसरणी उतरताना ब्रेकवर काय ताण येतो, हे दाजींना मी सांगायची गरज नव्हती. त्यांनीच यादी घडी करून खिशात घातली.

म्हणून घासाघीस आधी किलोंची करावी, रुपयांची नंतर. पैशांची घासाघीस आधी केली तर काय होतं, तेही सांगतो. तुम्ही बांधणाऱ्याला म्हणता, “एकूणातून पन्नास हजार कमी करा.” तो थोडा वेळ कॅल्क्युलेटर बडवतो आणि हो म्हणतो. ते पन्नास हजार त्याच्या खिशातून जात नाहीत, तुमच्या भिंतीतून जातात. फोम पातळ होतो, वायर एक नंबर बारीक येते, पाणी सोसणाऱ्या प्लायच्या जागी घरच्या कपाटाचा प्लाय येतो, बिजागऱ्या स्वस्तातल्या लागतात. यातलं काहीच डिलिव्हरीच्या दिवशी दिसत नाही. बांधणाऱ्याकडे एकूण रक्कम कमी करून मागू नये. एखादी वस्तू काढायला सांगावी आणि तिचे पैसे वजा करून घ्यावेत. चासी विकणाऱ्या डीलरची गोष्ट वेगळी. गाडी कंपनीतून ठरलेल्या रूपात येते, तिच्यात तो काही पातळ करू शकत नाही. तिथे मात्र मनसोक्त ओढून धरावं.

फर्निचर हा वजनाचा सगळ्यात मोठा चोर. १८ मिलिमीटर जाडीचा आठ बाय चारचा प्लायचा एक तक्ता साधारण ३७ किलो भरतो, १२ मिलिमीटरचा २५. पलंग, कपाटं, ओटा मिळून बारा तक्ते लागले तर नुसत्या जाडीत १४४ किलोंचा फरक पडतो, म्हणजे दोन माणसं. सुतार घरं करून आलेला असेल तर त्याचा हात आपोआप १८ कडे जातो, कारण घर कुठे जात नाही. कोटेशनमध्ये तक्त्याची जाडी लिहून घ्या. ओल्या जागी, म्हणजे मोरी-ओट्याखाली, आयएस ७१० खुणेचा मरीन प्लायच हवा हेही लिहून घ्या. बाहेरच्या कवचाला एफआरपी घेतलेलं बरं. आमच्या भागात एफआरपी म्हटलं की उसाचा दर आठवतो आणि लगेच आंदोलनही आठवतं. इथे एफआरपी म्हणजे फायबरचा पत्रा. हलका असतो, गंजत नाही.

मग यादीतलं काय घ्यावं? मी खिडक्यांवर खर्च करीन. समोरासमोर दोन उघडणाऱ्या खिडक्या, जाळ्यांसकट, आणि टपात वारा बाहेर फेकणारा एक पंखा. आपल्याकडे वर्षातले सात-आठ महिने एवढ्यावर निभतं. एसीचा हिशेब करून बघा. १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत अडीच युनिटच्या आसपास वीज मावते. एक टनाचा एसी तासाला सुमारे एक युनिट खातो. इन्व्हर्टरमधली गळती धरली तर दोन तासांत बॅटरी झोपते आणि मग तुम्हाला झोप येत नाही. एसी हवाच असेल तर तो फक्त बाहेरच्या विजेवर, म्हणजे हॉटेलच्या आवारात किंवा कॅराव्हॅन पार्कमध्ये चालेल, हे आधी मान्य करून घ्या. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं त्यात वीज, पाणी, सांडपाण्याची सोय असलेल्या अशा पार्कांची कल्पना आहे. पण तुमच्या वाटेवर ते आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचारलेलं बरं.

त्याच बॅटरीवर दिवे, पंखे, मोबाइल आणि १२ व्होल्टवर चालणारा चाळीस-पन्नास लिटरचा फ्रीज मात्र आरामात चालतो. तो फ्रीज दिवसाला साधारण अर्धा युनिट घेतो. टपावर ४०० वॉटचं सोलर असलं तर उन्हाळ्यात दिवसाला दीड युनिट सहज परत येतं. जुलैत महाबळेश्वरला मुक्काम केलात तर सोलरवर भरवसा ठेवू नका. तिथे महिनाभर सूर्यच रजेवर असतो. लिथियम बॅटरी महाग पडते म्हणून कुणी शिशाच्या दोन बॅटऱ्या सुचवेल. त्या दोन मिळून शंभर किलोंच्या घरात जातात आणि निम्म्याहून जास्त उतरवल्या तर लवकर मरतात. तुमच्याकडे शिल्लक ८५ किलोच आहेत, हे विसरू नका.

संडासाचा विषय आपल्याकडे चारचौघांत टाळतात, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. खाली ओढून काढता येणारी सुमारे वीस लिटरची पेटी असलेला प्रकार पुरेसा आहे. दोन माणसांना दोन-तीन दिवस जातात. मोठी बंद टाकी घेतली की ती रिकामी करायला तशी जागा लागते, आणि ती आपल्या रस्त्यांवर सहसा नसते. पेटी कोणत्याही संडासात रिती करता येते. भांड्याचं पाणीही टाकीत साठवा. मेणवलीच्या घाटाशी गाडी लावून मोरीचा नळ कृष्णेत सोडणारे मी पाहिलेत. त्यांना पुलावरूनच हात जोडावेत.

उंचीचं कलम कोटेशनमध्ये हमखास राहून जातं. टपावर एसी, सोलर आणि वरचा झरोका बसला की गाडी तीन मीटर ओलांडते. सुरूरहून वाईला येताना जे वड अजून उभे आहेत, त्यांच्या फांद्या काही तुमचं कोटेशन वाचत नाहीत. गावांच्या वेशी नि रेल्वेखालचे बोगदे यांचंही तसंच. शेवटची उंची लिहून घ्या आणि तो आकडा चालकाच्या डोळ्यांसमोर, काचेच्या वर चिकटवा.

मागून ओढायचा ट्रेलर घ्यावा का, असं दोघा-तिघा वाचकांनी विचारलंय. चाकं दोन, इंजिन नाही, म्हणून स्वस्त वाटतो. पण त्याची नोंदणी वेगळी, हुकाचा खर्च वेगळा. उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर खंबाटकीच्या उतारावर मागून कसा रेटला जातो, हे ज्यानं पाहिलंय त्याला जास्त सांगायला नको. घ्यायचाच तर स्वतःचे ब्रेक असलेलाच घ्या, वजनाचा दहावा हिस्सा हुकावर येईल असं सामान लावा आणि चालत्या ट्रेलरमध्ये कुणाला बसवू नका. माझं मत विचाराल तर आपल्या घाटांसाठी एकसंध गाडीच बरी.

आता रुपये. कोटेशन एका ओळीचं असेल तर परत करा. चासीची एक्स-शोरूम किंमत, बॉडीचं काम, जीएसटी, नोंदणी, विमा, ‘हँडलिंग’ असं सगळं सुटं मागा. हँडलिंग म्हणजे काय, असं शांतपणे विचारलं की ती ओळ बहुतेक वेळा गळून पडते. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नसते. बाहेरचा दर आणून दाखवा. तुम्ही स्वतः विकत घेतलेली चासी बांधायला दिलीत तर ते काम सेवा धरलं जातं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. तयार गाडीचा दर तिच्या वर्गावर ठरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांवरचा २८ टक्क्यांचा टप्पा गेला, तेव्हा त्याआधीचं कोटेशन कुणी पुढे केलं तर नवं मागा. दहा लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस घेतात. तो खर्च नव्हे. आयकराच्या विवरणपत्रात तो वळता करून घेता येतो. दाजींना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मुहूर्ताचाही उपयोग करा, पण उलटा. दसऱ्याला आणि पाडव्याला शोरूममध्ये पेढे मिळतात, सूट मिळत नाही. बोलणी करावी पितृपक्षात. तेव्हा दुकानात माश्या मारत बसलेला विक्रेता तुम्हाला चहा पाजतो, आणि खुर्चीही पुढे ओढतो. काम संपायला तसेही काही महिने जातात; डिलिव्हरी पाडव्याला घ्या, घरचेही खूश.

पैसे टप्प्यांनी द्या. पहिला हप्ता ऑर्डरबरोबर. दुसरा वायरिंग नि इन्सुलेशन झाल्यावर, पण आतल्या भिंती बंद होण्याआधी, तेव्हा स्वतः जाऊन प्रत्येक वायरचे फोटो काढून. तिसरा काट्यावर. शेवटचा दहा टक्के अर्धा तास जोरात पाणी मारल्यावर आत थेंब आला नाही तरच. करारात रिकाम्या गाडीचं वजन आकड्यात लिहा, आणि जादा भरलेल्या प्रत्येक किलोमागे ठरलेली रक्कम कापायची असंही. कारखाना उसाच्या वजनातून पाचटाची कपात धरतो, तसंच हे. बांधणारा आधी हसला. दाजी हसले नाहीत, म्हणून त्यानं लिहून दिलं.

फाल्गुनात गाडी तयार झाली. शेडमालक म्हणाला, काटा कशाला, आमचा अंदाज चुकत नाही. दाजी म्हणाले, “अंदाजावर ऊस घालून आमची निम्मी जिंदगी गेली.” रस्त्याकडेच्या खासगी काट्यावर गाडी चढवली. चालक खाली उतरला, टाक्या रित्या होत्या, डिझेल तेवढं भरलेलं. चिठ्ठी आली ३,०४० किलो. करारापेक्षा १९० जास्त. प्लाय मोजला तर सगळीकडे १८ मिलिमीटर. “मजबुतीसाठी केलं,” असं उत्तर मिळालं.

दोन दिवस वादावादी झाली. शेवटी मागच्या बाजूचं अख्खं कपाट आणि वरची फडताळं काढली, टीव्हीचं लाकडी पॅनेल काढलं, पुन्हा काट्यावर गेलो. २,९०५. उरलेल्या ५५ किलोंचे पैसे कापून शेवटचा हप्ता दिला. कपाट दाजींनी सोडलं नाही. टेम्पोत घालून भुईंजला नेलं. ते आता पडवीत आहे, आणि ताई त्यात हळदीचं बेणं ठेवते.

पुढच्या आठवड्यात नोंदणी, आणि बांधलेल्या गाडीला मान्यता कशी मिळते ते.