झोपाळ्याची तुळई

माळव्यातील मराठी कुटुंबांचे जुने वाडे एकामागून एक जमीनदोस्त होत आहेत. सौदा ठरतो तेव्हा जमिनीचा भाव चौरस फुटांवर होतो. लाकडाचा मात्र अंदाजपंचे. आमच्या इंदूर नगरीची ओळखच मुळी लाकडी बांधणीची. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. १९८४ च्या आगीत त्याचा मोठा भाग भस्मसात झाला. आगीत गेलेले लाकूड परत येत नाही. पाडलेल्या वाड्याचे मात्र वाचवता येते, एवढे भान राखून मी २०२२ च्या उन्हाळ्यात आमच्या वाड्याची एक तुळई आणि दोन खांब मागून घेतले. त्या तुळईला आमचा झोपाळा टांगलेला असे.

तुळई नव्या सदनिकेच्या गच्चीवर आडोशाला पडून राहिली. तिचे देवघर करावे, असा माझा विचार. चिरंजीव सुटीत घरी आले आणि त्यांनी निराळाच मनसुबा मांडला. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात या लाकडाचा एक बार काउंटर करायचा. मी मुख्याध्यापक; मद्यपानाच्या दुष्परिणामांवर वर्षानुवर्षे निबंध तपासलेला माणूस. ‘‘ज्या तुळईखाली तुझी मुंज झाली, तिच्यावर पेले मांडणार?’’ असे मी ताडकन बोलून गेलो. दोन दिवस घरात अबोला होता.

कोंडी फोडली ती मातोश्रींनी. वय वर्षे ब्याऐंशी. त्या म्हणाल्या, ‘‘मामंजींच्या माडीवर त्यांचे जुने दरबारी स्नेही जमत, तेव्हा दार लावून काय चाले, हे या सुनेला ठाऊक नव्हते थोडेच? ती माडी याच तुळईवर होती. झाकून चालले ते चालले, आणि पोराने उघड विचारले तर त्याच्याशी बोलायचे नाही, हे कुठले शास्त्र?’’ मी निरुत्तर झालो. देवघर खांबांचे, काउंटर तुळईचे, अशी वाटणी ठरली.

आमचे मिस्त्री जुन्या लाकडाचे जाणकार. पहिले काम, ते म्हणाले, रंध्याचे नव्हे, लोहचुंबकाचे. तुळईच्या चारही अंगांवरून लोहचुंबक फिरवून त्यांनी एकोणीस खिळे शोधले. एखादा जरी आत राहिला तरी आऱ्याचे पाते तुटते. दुसरी सावधगिरी रंगाची. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. नव्या घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आहे. जुन्या थरांचा भरवसा नाही. म्हणून कोरडा पॉलिशकागद न घासता रंग ओला करून खरवडला आणि ते काम होईपर्यंत मुलांना दूर ठेवले. कडेच्या फिकट लाकडात कीड होती. तेवढा भाग काढून टाकला. उरलेल्यावर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे पाणी दिले. आतला सागवानी गाभा निर्दोष निघाला.

वखारीत निम्मी तुळई चिरून दीड इंच जाडीच्या फळ्या केल्या. त्या लगेच न जोडता मध्ये पट्ट्या घालून सहा आठवडे घरातच रचून ठेवल्या. लाकडाला नव्या जागेची हवा मानवावी लागते. सागाला अंगचे तेल असते, त्यामुळे सरस नीट धरत नाही. सांधण्यापूर्वी कडा थिनरने पुसल्या. उंची बेचाळीस इंच, म्हणजे तीस इंची स्टुलावर बसणाऱ्याला सोयीची. बसणाऱ्याच्या बाजूला माथा नऊ इंच पुढे काढला, नाही तर गुडघे आपटतात. सांगाडा साल आणि कुसवाचा. माथा मात्र सांगाड्याला घट्ट जखडला नाही. स्क्रूची भोके लांबट ठेवली. पावसाळ्यात लाकूड आडवे फुगते. त्याला वाट न दिल्यास फळी तडकते.

पॉलिशच्या वेळी मी जुन्या सवयीने चपडा लाखेचे नाव घेतले. मिस्त्री हसले. ‘‘मास्साब, लाख स्पिरिटमध्येच विरघळते. दारूचा थेंब पडला की पांढरा डाग!’’ मग पॉलियुरेथेनचे तीन हात दिले. देवघराला मात्र लाखेचेच पॉलिश लागले.

झोपाळ्याची एक कडी मिस्त्रींनी काउंटरच्या बाजूला बसवली. तिच्यावर पुसायचा पंचा टांगतात. खिळ्यांची काळ्या कडांची भोके बुजवू दिली नाहीत. चिरंजीव आले की सायंकाळी त्यांचा पेला आणि माझा चहा तिथेच असतो. पेल्याविषयीचे माझे मत बदललेले नाही आणि ते त्यांना ठाऊक आहे. पण वाड्यात माझे वडील झोपाळ्यावर बसत, तेव्हा मी समोर उभा राहून फक्त होकार देत असे. इथे आम्ही दोघेही बसून बोलतो.

वाचकहो, आपलाही वाडा निघणार असेल, तर कुदळ पडण्यापूर्वी एकदा वर पाहा. कोणती तुळई कोणत्या खोलीची, हे खडूने तिच्यावर लिहून ठेवा. भंगारवाल्याच्या गाडीत चढल्यावर सगळी लाकडे सारखीच दिसतात.