ऑइल भरपूर, तरी लाल दिवा

मे महिन्यातली दुपार होती. पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकीचा घाट चढून, सुरूर मागे टाकून आनेवाडीच्या टोलनाक्यावर रांगेत थांबलो आणि डॅशबोर्डवरची लाल किटली लुकलुकायला लागली. ॲक्सिलरेटर जरा दाबला की दिवा विझायचा, पाय काढला की पुन्हा पेटायचा. ‘‘ऑइल कमी झालं असेल. साताऱ्यात गेल्यावर टाकू,’’ शेजारी बसलेले मेहुणे म्हणाले. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, दहा मिनिटं थांबून डिपस्टिक काढली. ऑइल वरच्या खुणेच्या जेमतेम खाली होतं. म्हणजे भरपूर.

त्या किटलीच्या चित्रामुळे बहुतेकांचा समज होतो की, हा दिवा ऑइल किती आहे ते सांगतो. बहुतेक गाड्यांमध्ये तो ऑइलचा दाब सांगतो आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंगात रक्त पुरेसं असूनही रक्तदाब खाली जाऊ शकतो, तसंच हे. फरक इतकाच की माणसाला आधी चक्कर येते, इंजिनाला येत नाही. ज्या साध्या स्विचवर हा दिवा चालतो, तो सहसा दाब ०.३ ते ०.५ बारपर्यंत उतरल्यावरच जागा होतो. गॅरेजच्या भाषेत एक बार म्हणजे साधारण ‘एक किलो’. धडधाकट इंजिन रस्त्यावर धावताना तीन-चार किलो दाब सहज दाखवतं. तेव्हा दिवा पेटतो तो धोक्याची चाहूल म्हणून नव्हे, धोका दारात आल्यावर.

हा दाब लागतो कशाला? इंजिनातला क्रँकशाफ्ट मिनिटाला हजारो फेरे घेतो, पण ज्या बेअरिंगमध्ये तो फिरतो त्याला तो टेकत नाही. दोघांच्या मध्ये ऑइलचा पातळ थर असतो आणि शाफ्ट त्या थरावर तरंगतो. हे कळलं त्याची गोष्ट मजेदार आहे. इंग्लंडमध्ये बोशाँ टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. ऑइल घालण्यासाठी त्यांनी बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर आस फिरत असताना त्यातून ऑइल उलट बाहेर यायला लागलं. भोकात बूच बसवलं, लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी तिथे दाबमापक लावला, तेव्हा बेअरिंगवरच्या सरासरी भारापेक्षा ऑइलचा दाब दुपटीहून अधिक निघाला. हा अहवाल १८८३ चा. त्यामागचं गणित ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये मांडलं: फिरणारा शाफ्ट स्वतःच ऑइल अरुंद फटीत ओढून नेतो आणि तिथे दाब तयार होतो.

म्हणजे शाफ्टला उचलून धरणारा दाब शाफ्टच तयार करतो. पंपाचं काम बेअरिंगला ऑइल कमी पडू न देण्याचं. पंप दर फेऱ्याला ठरावीक ऑइल ढकलतो. पुढे वाट अरुंद असेल तर ऑइल अडतं आणि दाब तयार होतो. वाट रुंद झाली की ऑइल सहज निसटून जातं आणि दाब बसतो. नव्या इंजिनात बेअरिंगची फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकी, म्हणजे आपल्या केसापेक्षाही बारीक असते. खरी गोम पुढे आहे. एकाच दाबाला फटीतून वाहून जाणारं ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. फट दुप्पट झाली की ऑइल आठपट निसटतं. लाखभर किलोमीटर काहीच जाणवत नाही आणि मग वर्षभरात दाब ढासळल्यासारखा वाटतो, त्याचं एक कारण हे.

माझा दिवा नेमका टोलनाक्यावर का पेटला, तेही यातूनच कळतं. घाट चढून ऑइल तापलेलं होतं. चाळीस अंशांना असतो त्याच्या मानाने शंभर अंशांना दाटपणा फारच थोडा उरतो. त्यात रांगेत इंजिन आयडलिंगवर, म्हणजे पंपही संथ. पातळ ऑइल, सैल फटी, संथ पंप. ॲक्सिलरेटर दाबल्यावर दिवा विझायचा, याचा अर्थ दुखणं बरं झालं असा नव्हता. पंप जोरात पळून ते झाकत होता.

टो करून गाडी साताऱ्यातल्या एका गॅरेजात नेली. मिस्त्री साठीचे, बोलायला कमी. त्यांनी आधी डिपस्टिकवरचं ऑइल बोटांत चोळून वास घेतला. पेट्रोलचा वास असेल तर ऑइल पेट्रोलने पातळ झालेलं असतं. दुधाळ दिसलं तर कूलंटचं पाणी मिसळल्याची शंका. आमचं दोन्ही नव्हतं. मग त्यांनी चावी फिरवून, इंजिन चालू न करता, दिवा पेटतो का ते पाहिलं. तो पेटलाच पाहिजे. जुनी गाडी विकत घेताना ही तपासणी जरूर करा, कारण दुरुस्तीऐवजी दिव्याची वायरच काढून ठेवणारे महाभागही असतात.

पुढची पायरी बरेच जण गाळतात. स्विच खराब होतो, त्याची वायर घासून बॉडीला टेकते, आणि दाब ठणठणीत असतानाही दिवा पेटतो. स्विच स्वस्त असतो, म्हणून काही गॅरेजवाले तो बदलून गिऱ्हाइकाला वाटेला लावतात. दिवा विझला तर ठीक, नाही तर पुढच्या घाटात कळतं. आमच्या मिस्त्रींनी स्विच काढून त्या जागी काट्याचा गेज लावला आणि इंजिन पुरेसं तापू दिलं. थंड इंजिनावर घेतलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो. आयडलिंगला ०.४ किलो, दोन हजार फेऱ्यांना जेमतेम १.२. हजार फेऱ्यांमागे साधारण पाऊण किलो असा जुना ठोकताळा आहे. खरा आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा. ठोकताळ्यानेही आम्ही नापास.

‘‘घट्ट ऑइल टाकून बघू का?’’ मी विचारलं. ‘‘टाका की,’’ ते म्हणाले, ‘‘गाडी सहा महिन्यांत विकायची असंल तर.’’

यात खोच होती, पण खोटं नव्हतं. २०डब्ल्यू-५० सारखं दाट ऑइल फटीतून कमी निसटतं आणि काटा वर जातो. झिजलेली फट मात्र तेवढीच राहते आणि सकाळी थंड इंजिनात ते वरपर्यंत पोचायला वेळ लावतं. उरलेलं आयुष्य गावातल्या गावात काढायचं असलेल्या गाडीला ही काठी चालेल. घाट चढणाऱ्या गाडीला नाही. दाब वाढवण्याचा दावा करणाऱ्या डब्यांबद्दलही माझं मत फार वेगळं नाही. आणि ‘अर्धा लिटर जास्त टाका’ हा सल्ला तर घातकच. पातळी खुणेच्या बरीच वर गेली की क्रँकशाफ्ट ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि पंप हवा ओढायला लागतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात धरला. घड्यांत बारीक चकाकी होती. लोहचुंबक फिरवला, काही चिकटलं नाही. बेअरिंगच्या आतल्या थरांत तांबं, शिसं, कथील, ॲल्युमिनियम अशा धातूंचे मिश्रधातू असतात, ते चुंबकाला चिकटत नाहीत. मग चेंबर खोलला. पंपाच्या तोंडाच्या जाळीवर काळा गाळ होता. तेवढ्यानेही दाब उतरू शकतो, आणि दुखणं तिथेच थांबलं असतं तर खर्च किरकोळ होता. पंप आणि त्याचा रिलीफ व्हॉल्व्ह ठीक निघाले. बिगेनचं बेअरिंग काढलं तेव्हा वरचा राखाडी थर जाऊन खालचं तांबं दिसत होतं. मिस्त्रींनी प्लॅस्टिगेजचा धाग्यासारखा तुकडा शाफ्टवर ठेवून कॅप आवळली, पुन्हा खोलली आणि चपटा झालेला धागा पट्टीशी ताडून पाहिला. फट ०.१ मिलिमीटर, म्हणजे नव्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त.

शाफ्टला चरे नव्हते, म्हणून ग्राइंडिंग टळलं. बेअरिंगचे सगळे सेट नवे, जाळी साफ, नवा फिल्टर, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल. खर्च गाडीच्या बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास गेला. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीवर इतका खर्च करावा का, यावर घरात अजून एकमत नाही. मात्र तो लाल दिवा महिनाभर आधी दोनदा सिग्नलवर चमकून गेला होता आणि मी आयडलिंग थोडं वाढवून घेऊन तो प्रश्न मिटवला होता, हे मी घरात सांगितलेलं नाही. तेव्हाच गेज लावला असता तर बेअरिंगची झीज तांब्यापर्यंत पोचली नसती, असं मिस्त्री म्हणाले. आणि टोलनाक्यावरून तसाच साताऱ्यापर्यंत रेटत आलो असतो, तर बेअरिंग शाफ्टला चिकटून कनेक्टिंग रॉड मोडायलाही फार वेळ लागला नसता.

गाडी ताब्यात देण्याआधी त्यांनी पुन्हा गेज लावला, पंखा दोनदा सुरू होईपर्यंत इंजिन तापवलं. आयडलिंगला १.१, दोन हजारांना ३. आकडे त्यांनी खडूने बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवले. पुढच्या सर्व्हिसिंगला ताडून बघायला.