शालेय सेवा पथके : वेठीपासून सेवेपर्यंत

माध्यमिक शाळेतील मुलांच्या सेवा पथकांविषयी लिहावे, अशी सूचना स्मरणिकेच्या संपादक मंडळाने केली, तेव्हा प्रथम आमच्या मनात संकोच उभा राहिला. ‘सेवा’ हा शब्द पुष्कळांना निर्मळ वाटतो. ज्यांच्या वाडवडिलांच्या वाट्याला सेवा पिढ्यान्‌पिढ्या सक्तीने आली, त्यांच्या कानाला तो तितका सरळ लागत नाही. म्हणून पथकांच्या कार्याकडे वळण्यापूर्वी या शब्दाचा हिशेब मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

महार वतन म्हणजे काय, हे आजच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागते. गावची राखण करणे, दवंडी देणे, सरकारी टपाल व सारा पोहोचविणे, मेलेली जनावरे ओढणे ही कामे वतनदार महाराने करावयाची आणि मोबदला म्हणून तुटपुंजी वतनी जमीन व बलुते यांवर समाधान मानावयाचे. वतनदार आजारी असला, तर त्याच्या घरातल्या माणसाने कामावर उभे राहावयाचे. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात मांडले. प्रत्यक्षात कनिष्ठ गाववतने नाहीशी करणारा कायदा १९५८ साली झाला. अर्थात या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकांच्या आजोबांनी ही ‘सेवा’ स्वतःच्या हातांनी केलेली आहे.

कायदा गेला तरी सवय लगेच जात नाही. आम्ही ज्या शाळेत शिकलो, तेथेही सेवा पथक होते. शिट्टी, पट्टा आणि रांगा लावण्याचा मान काही मुलांकडे असे. खराटा मात्र आमच्याकडे. कोणी तसे बोलून दाखवीत नसे. नावे वाचली जात आणि काम आपोआप वाटले जाई. गुरुजी मनाने वाईट होते, असे आम्ही आजही म्हणणार नाही. त्यांना ते खटकत नव्हते, एवढेच. आम्हांला खटकत होते, पण का, हे सांगण्यासाठी शब्द नव्हते. ते पुढे इतिहासाच्या अभ्यासात सापडले.

शालेय सेवा संघांचा इतिहास चाळताना १९२५ हे वर्ष लक्ष वेधून घेते. त्या वर्षी अमेरिकेतील सॅक्रामेंटोच्या हायस्कूलात ‘की क्लब’ निघाला. किवानिस या प्रौढांच्या मंडळाच्या धर्तीवर शाळकरी मुलांनी स्वतः चालविलेला हा संघ पुढे जगभर पसरला. मुलींना मात्र त्यात १९७७ पर्यंत प्रवेश नव्हता. त्याच १९२५ च्या जानेवारीत बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. तेथील मुले ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवीत. एकीकडे सुस्थितीतील मुलांनी शाळेसाठी काही करावे ही प्रेरणा, दुसरीकडे ज्यांना शाळेतच जागा नव्हती त्या मुलांनी आपल्या समाजासाठी वाचावे, लिहावे ही धडपड. दोन्हींना सेवाच म्हणावे लागेल. आमच्या मते दुसरी अधिक कठीण होती.

स्काउट चळवळीचा अनुभवही बोलका आहे. १९०९ च्या सुमारास ती भारतात आली, तेव्हा तिचे दार युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरते उघडे होते. भारतीय मुलांसाठी ॲनी बेझंट, पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आदींना निराळ्या संघटना उभाराव्या लागल्या. रोज एक सत्कृत्य करण्याची शपथ देणाऱ्या चळवळीलाही, सत्कृत्य करण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न चुकला नाही.

या प्रश्नाला आपल्याकडे समता सैनिक दलाने उत्तर दिले. महाडच्या १९२७ च्या लढ्याच्या काळात उभ्या राहिलेल्या या दलात लष्करातून निवृत्त झालेल्या मंडळींनी तरुणांना शिस्त लावली. सभा-परिषदांचा बंदोबस्त, आलेल्या लोकांची व्यवस्था, स्त्रियांचे संरक्षण ही त्याची कामे. सेवा तीच, पण ती गावाच्या हुकमाने होत नव्हती. माणूस स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या लोकांसाठी उभा राहत होता. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला अफाट जनसागर रांगेत चालतो, त्यामागे ही परंपरा आहे.

सातारा-सांगली भागाला कर्मवीर भाऊराव पाटलांचा वारसा आहे. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत आणि स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे वाटून घेत. कामाची वाटणी जातीवरून न होता पाळीवरून झाली, हे त्यातले खरे क्रांतिकारक पाऊल होते. ‘कमवा व शिका’ योजनेचे गुणगान करताना हा मुद्दा बहुधा निसटतो.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय छात्र सेना (१९४८), राष्ट्रीय सेवा योजना (१९६९), हरित सेना असे उपक्रम आले. त्यांची माहिती सर्वत्र उपलब्ध आहे. आम्ही एवढेच म्हणू की, फलक धरून छायाचित्र काढले की श्रमदान संपले, असा प्रकार यांपैकी पुष्कळ ठिकाणी शिरला आहे.

निवासी शाळेत सेवा पथक कसे चालावे? विनयपिटकातील एक प्रसंग येथे उपयोगी पडतो. अतिसाराने आजारी भिक्खू स्वतःच्या मळात पडलेला होता. इतरांची तो काही सेवा करीत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, उचलून मंचकावर निजविले आणि मग संघाला समज दिली की, येथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली पाहिजे. वसतिगृहातील मुलाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. रात्री ताप आला की शेजारच्या गादीवरचा मित्रच त्याची आई होतो.

आपला कवठे महांकाळ तालुका जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्व भागातला. म्हैसाळ योजनेचे पाणी येण्यापूर्वीचे दिवस ज्यांनी पाहिले, त्यांना घागरभर पाण्याची किंमत ठाऊक आहे. म्हणून येथील पथकाचे पहिले काम पाणी : टाकी धुणे, गळका नळ कळविणे, ताटे धुतलेले पाणी झाडांना देणे. त्यानंतर आजाऱ्यांची देखभाल, ग्रंथालय आणि स्वयंपाकघर. मुलगे भाकरी थापायला लागले की प्रथम हसतात. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाऊन आईला ‘आज मी करतो’ म्हणणारे त्यांतूनच निघतात.

सदस्यत्व ऐच्छिक असावे, पथकप्रमुख मुलांनी निवडावा आणि तो दर सत्रात बदलावा. काम ठरविण्याच्या बैठकीत मुलांचे मत घ्यावे. शिक्षा म्हणून कोणालाही सफाई देऊ नये. कारण त्याच क्षणी सेवा पुन्हा वेठ होते. स्वच्छतागृहाची पाळी तर प्रत्येकाला आलीच पाहिजे, मग तो वर्गात पहिला असो वा संचालकांचा नातलग. पाळीचा तक्ता भोजनगृहाबाहेर, सर्वांना दिसेल असा लावावा. त्यात शनिवारच्या रकान्यात शिक्षकांची नावे असावीत, आणि पहिल्या शनिवारी मुख्याध्यापकांचे.