अंगदुखी आणि व्यायामाचे हप्ते



या पानावर आम्ही लागण, खोडवा, बेणेप्रक्रिया याविषयी लिहीत असतो. आज मात्र एका दुखण्याविषयी लिहीत आहोत. त्याचे नाव फायब्रोमायल्जिया. नाव अवघड असले तरी दुखणे आपल्या वस्त्यांवर नवीन नाही.

आमच्या घरातच ते आले. सौभाग्यवतींची मान, खांदे, कंबर, मांड्या महिनोन् महिने दुखायच्या. रात्रभर झोपूनही सकाळी अंग जडच. एक्स-रे काढले, रक्त तपासले, सगळे ठीक. तेव्हा आम्हीच बोलून गेलो, "रिपोर्ट चांगलाय, मग दुखतंय काय?" त्या बोलण्याचे आजही वाईट वाटते.

या आजारात सांध्यांची मोडतोड झालेली नसते. वेदनेची जाणीव करून देणारी मेंदू व मज्जातंतूंची यंत्रणाच अतिसंवेदनशील झालेली असते. म्हणून एक्स-रेत काही दिसत नाही. पण दुखणे खरे असते. तीन महिन्यांहून अधिक काळ अंगभर वेदना, थकवा, झोपूनही ताजेतवाने न वाटणे, विसरायला होणे ही याची लक्षणे. बायकांत प्रमाण जास्त, पण पुरुषांनाही होतो.

युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली शिफारशी प्रसिद्ध केल्या. औषधांसह अनेक उपाय त्यात तपासले होते. ठाम शिफारस झाली ती एकाच उपायाची, व्यायामाची.

यावर भगिनी विचारतील, "दिवसभर भांगलतो, जनावरांचं बघतो, आणखी व्यायाम कसला?" प्रश्न रास्त आहे. पण कामाचे माप आपल्या हाती नसते. काम निघाले की दिवसभर वाकायचे आणि दुसऱ्या दिवशी अंथरूण धरायचे. व्यायाम मोजून करता येतो.

उसाला नत्र आपण एकदम देत नाही. लागणीला १० टक्के, दीड-दोन महिन्यांनी ४०, पुढे १० आणि मोठ्या बांधणीला ४०. व्यायामाचेही तसेच, हप्त्याहप्त्याने.

सपाट रस्त्यावर ५ मिनिटांपासून सुरुवात करावी. चालताना बोलता आले पाहिजे, इतकाच वेग. आठवडाभर तेवढेच चालावे, सोसले तर एक-दोन मिनिटे वाढवावीत. काही महिन्यांत आठवड्यातून तीन दिवस २०-३० मिनिटांपर्यंत जाता येते. सुरुवातीला थोडे जास्त दुखेल. दोन दिवसांनीही ते उतरले नाही, तर एक पायरी मागे यावे. पण साफ बंद करू नये. पुढे खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून रेटणे असे हलके प्रकार जोडावेत.

खरा धोका बऱ्या दिवसाचा. एकदा बरे वाटले म्हणून सौभाग्यवती तासभर चालून आल्या आणि तीन दिवस उठल्या नाहीत. बरे वाटले तरी ठरलेलेच चालावे.

निदान मात्र डॉक्टरांकडूनच करून घ्यावे. सांध्यांना सूज, ताप, वजन घटणे किंवा हातापायातली ताकद जाणे असेल, तर दुसरा आजार असू शकतो.

आज त्या पाटाच्या कडेने वीस मिनिटे चालतात. दुखणे गेलेले नाही. पण झोप सुधारली, घरात वावर वाढला. आम्हीही बरोबर जातो, आणि जड घागर आता आम्ही उचलतो. आपल्या घरी असे कोणी असेल, तर "सोंग करते" म्हणू नका. पायात चपला घाला आणि पाच मिनिटे बरोबर चला.

— ऊस विकास अधिकारी