शाळा सुटली, पुढे काय?

मुलं शाळेत जायला लागली की बाईला सगळे एकच वाक्य ऐकवतात, "आता काय बाई, तू मोकळीच!" तान्ह्या बाळाला ठेवून कामावर निघालेल्या आईची सगळ्यांना काळजी वाटते. तिसरी-चौथीतल्या मुलाच्या आईचा प्रश्न मात्र शाळेनेच सोडवला असं धरून चालतात. जरा हिशेब मांडून बघा. सकाळची शाळा साडेबारा-एकला सुटते. ऑफिस सहाला. बाई डोंबिवलीत राहून दादरला नोकरी करत असेल तर घरात पाऊल पडेपर्यंत साडेसात वाजतात. मधले साडेसहा-सात तास कोणाचे? दिवाळीची सुट्टी, मे महिना आणि ऐन ऑडिटच्या आठवड्यात येणारा ताप, हे आणखी वेगळंच.

मी जून 2005 मध्ये, सात वर्षांच्या खंडानंतर पुन्हा नोकरी धरली तेव्हा लेक सहावीत होती आणि मुलगा तिसरीत. पाळणाघराची चौकशी करतेय म्हटल्यावर लेक फणकारली, "मी काय बाळ आहे का पाळण्यात झोपायला?" खरंच होतं तिचं. तो शब्दच मुळी पाळण्याला बांधलेला. कायदाही साधारण तिथेच थांबला. 1948 च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची तरतूद होती ती सहा वर्षांखालच्या मुलांसाठी. 2017 मध्ये प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सक्ती आली, पण पुढे निघालेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये वय लिहिलं ते सहा महिने ते सहा वर्षं. सातव्या वर्षापासून मूल जणू आपलं आपणच वाढतं!

त्यातल्या त्यात सरकारी नोकरीतल्या बायकांना थोडा आधार मिळाला. केंद्र सरकारने 2008 मध्ये बालसंगोपन रजा सुरू केली. अख्ख्या नोकरीत मिळून 730 दिवस, मूल 18 वर्षांचं होईपर्यंत. महाराष्ट्र सरकारने 2018 मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना 180 दिवस दिले. गोवर-कांजिण्यांप्रमाणेच दहावीच्या परीक्षेलाही आई लागते हे कुणीतरी कागदावर मान्य केलं, हे मला फार मोलाचं वाटतं. खासगी नोकरीत मात्र ज्याचं त्याने बघायचं.

आम्हीही आमचं बघितलं. सासूबाई गावाहून पंधरा दिवस आल्या आणि जाताना स्पष्टच म्हणाल्या, "मुलांना वरणभात वाढेन गं, पण क्लासला सोडायला तीन जिने चढउतार आता माझ्याने व्हायची नाही. आणि तिकडे मामंजी एकटे आहेत तुझे." ‘घरात आजी असली की झालं’ म्हणणाऱ्यांनी आजीचे गुडघे आणि आजीची दुपारची झोप कधी विचारात घेतलीय का?

मग तळमजल्यावरच्या काकूंना विचारलं. काकू लगेच तयार झाल्या, पण पैशाचं नाव काढताच रागावल्या. "शेजारधर्माचे कुठे पैसे घेतात का?" मी त्यांना म्हटलं, काकू, शेजारधर्म दोन दिवसांचा असतो, मला तुम्ही रोज हव्या आहात. फुकट म्हटलं तर उशीर झाला की मी ओशाळणार, आणि तुम्हाला भजनाला जायचं असलं तरी तुम्ही बोलणार नाही. शेवटी महिना आठशे रुपयांवर त्या कबूल झाल्या. एक तारखेला पाकीट नेऊन द्यायचं काम आमच्या ह्यांच्याकडे दिलं, मुद्दामच. तोपर्यंत मुलांचं दुपारचं खाणं, रिक्षावाले काका, क्लासची वेळ हे सगळं ‘तुझं’ होतं. दर महिन्याला काकूंसमोर दहा मिनिटं बसून मुलांचे पराक्रम ऐकायला लागल्यावर ते ‘आपलं’ झालं. शाळेच्या डायरीतही ह्यांचा फोन नंबर वर आणि माझा खाली लिहिला. तरी बरीच वर्षं शाळेतून फोन यायचा तो मलाच, हा भाग निराळा.

नोकरी लागून दोन महिनेही झाले नव्हते आणि 26 जुलै उजाडला. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. लोकल बंद, मोबाइल लागत नव्हते. मी दादरला अडकलेली, हे फोर्टात. तोवर मला वाटायचं, दोघांपैकी एक जण तरी वेळेला पोचेलच. पण आम्ही दोघंही त्याच रुळाच्या त्याच टोकाला! रात्रभर ऑफिसच्या टेबलावर बसून एकच गोष्ट मनाशी घोकत होते, काकूंच्या घरी जायला लोकल लागत नाही. दुसऱ्या दिवशी मिळेल त्या वाहनाने आणि बरंचसं चालत घरी पोचले, तर दोघं काकूंच्या घरी मेणबत्तीच्या उजेडात पत्ते कुटत बसली होती.

आज माझी भाची त्याच विवंचनेत आहे. तिच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप आहे, घरात कॅमेरा आहे. मुलगा दप्तर टाकून सोफ्यावर लोळतोय हे तिला ऑफिसात बसून दिसतं, पण पडला-झडला तर उचलायला कॅमेऱ्याला हात नाहीत. त्यात फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने आदेश काढला, चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत. मुलांच्या झोपेसाठी चांगलंच आहे हो ते. पण तिची गाडी आठ बाराची. म्हणजे दुपारच्या जोडीला आता सकाळीही कुणीतरी हवं.

तिने मला यादी मागितली, तशी मी दिली. घरापासून चालत पाच मिनिटांत पोचेल अशी एक व्यक्ती, आणि ती आजारी पडली तर दुसरी. पगार ठरवून, सुट्ट्यांसकट. मे महिन्यात दिवसभर सांभाळायचं तर पैसे जास्त. दोघींची नावं शाळेत आणि रिक्षावाल्याकडे लेखी. मूल एकटं असताना गॅस बंद, अगदी सिलिंडरपाशी. आणि मुलालाही विचारायचं, तुला कोणाकडे बरं वाटतं? तिने विचारलं. लेकाने समोरच्या इमारतीतल्या निवृत्त कंडक्टर आजोबांचं नाव घेतलं, कारण त्यांना कॅरम येतो. भाचीचा नवरा या रविवारी त्यांच्याकडे पैशाचं बोलायला जाणार आहे.