मेलेल्या मोबाइलचे अवयवदान

द्वितीय वर्ष, कला शाखा

'अवयवदान' हा शब्द आपण रुग्णालयाच्या भिंतींवर वाचतो. एका माणसाचे आयुष्य संपते, पण त्याचे डोळे, यकृत, मूत्रपिंडे दुसऱ्याच्या देहात काम करू लागतात. असेच दान यंत्रांच्या जगातही रोज चालते. ते आपल्याच गावात, एस. टी. स्टँडसमोरच्या सहा बाय आठच्या टपरीत चालते, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. बंद पडलेला मोबाइल आपण 'भंगार' म्हणून कपाटात टाकून देतो. वास्तविक ते सुट्या भागांचे भरलेले कोठार असते. ते उघडावे कसे, त्यातले काय वाचते, आणि जे वाचते ते पुढे वापरू दिले जाते का, हे सांगण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

कला शाखेच्या विद्यार्थ्याला ही उठाठेव कशाला, असा प्रश्न वाचकांना पडेल. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. खोलीभाड्याचा आणि खानावळीचा भार घरावर पडू नये म्हणून गेली दोन वर्षे मी संध्याकाळी एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. दुकानाच्या मालकांना आम्ही सगळे 'वस्ताद' म्हणतो. त्यांची शाळा सातवीत सुटली. खाली जे लिहिले आहे त्यातले बरेचसे त्यांच्या हाताकडे पाहून शिकलेले आहे.

उघडण्यापूर्वी

डेड सेट विकत घेताना वस्ताद प्रथम बिल नाहीतर खोका मागतात. प्रत्येक मोबाइलला १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो. सेट चालू असेल तर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश ही बटणे दाबली की तो पडद्यावर दिसतो. बंद असेल तर खोक्यावर सापडतो. २०२३ साली सुरू झालेल्या सरकारच्या 'संचार साथी' व्यवस्थेत तो क्रमांक तपासता येतो. सेट चोरीचा असेल तर त्याच्या एका स्क्रूलाही हात लावायचा नाही, हा दुकानाचा नियम आहे.

दुसरी गोष्ट माहितीची. पडदा फुटला म्हणून आतले फोटो, कागदपत्रे, संदेश फुटत नाहीत. ते मेमरीच्या चिपमध्ये तसेच राहतात. सेट चालू होत असेल तर आपले खाते काढून तो पूर्ण पुसावा, आणि मगच दुसऱ्याच्या हाती द्यावा. सिम आणि मेमरी कार्ड काढायला लोक हमखास विसरतात.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया

सेट उघडताना बॅटरीत पाव भागापेक्षा कमी चार्जिंग असावे. भरलेली बॅटरी चुकून दुखावली तर पेटण्याची भीती जास्त. सेट बंद करून सिमचा ट्रे बाहेर काढावा. आजकालच्या बहुतेक सेटांची पाठ गोंदाने चिकटविलेली असते. ती गरम तव्यावर, म्हणजे या कामाच्या खास विजेच्या पॅडवर, गोंद मऊ होईपर्यंतच तापवितात. मग गिटार वाजवायच्या पिकसारखी प्लॅस्टिकची चकती फटीत घालून ती कडेकडेने फिरवायची. घाई केली की काच तडकते. ज्या सेटांत बोटाच्या ठशाचा सेन्सर पाठीवर असतो, त्यांत पाठ एकदम ओढता येत नाही. आत एक नाजूक पट्टी बोर्डाला जोडलेली असते, ती तुटते.

पाठ निघाली की स्क्रू. हे स्क्रू एका लांबीचे नसतात, आणि आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू पिळला तर तो बोर्डाच्या आतल्या थरांतील तांब्याच्या रेषा कापतो. चांगला सेट त्या क्षणी कायमचा मरतो. म्हणून वस्ताद कागदावर सेटची आकृती काढून, ज्या जागेचा स्क्रू त्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवायला सांगतात. भूगोलाच्या नकाशाचा असा उपयोग मला शाळेत कोणी सांगितला नव्हता!

यानंतर सर्वांत आधी बॅटरीचे कनेक्शन सोडवायचे, तेही प्लॅस्टिकच्या पट्टीने. बोर्डात वीज खेळत असताना लोखंडी चिमटा टेकला तर नको तेथे नको ते जोडले जाते. बॅटरी सुटली की मग पडदा, कॅमेरा, चार्जिंगचा बोर्ड यांच्या पट्ट्या एकेक करून सोडवाव्यात.

बॅटरीबद्दल दोन शब्द

लिथियम-आयन बॅटरीच्या शोधाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅनले व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीत धन आणि ऋण बाजूंचे थर एकमेकांवर गुंडाळलेले असतात, आणि त्यांच्यामध्ये केसाहूनही पातळ असा प्लॅस्टिकचा पडदा असतो. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक त्या पडद्यात घुसले की दोन्ही बाजू भिडतात, उष्णता वाढते आणि आतला ज्वालाग्राही द्रव पेट घेतो. म्हणून बॅटरी उचकटायची नसते. खालची ओढपट्टी हळू ओढून किंवा स्पिरिटचे थेंब सोडून गोंद सैल करून ती काढतात. फुगलेल्या बॅटरीला तर जाणकारानेच हात लावावा. आमच्या दुकानात टेबलाखाली वाळूची बादली कायम भरलेली असते.

काय वाचते, काय नाही

जुनी बॅटरी मात्र दानाला निरुपयोगी. प्रत्येक वेळच्या चार्जिंगबरोबर ती थोडी थोडी झिजलेली असते. स्वस्त मिळाली तरी ती महागच पडते. बाकी पुष्कळ काही वाचते. काचेसकट पडदा, ज्याला आमच्या धंद्यात 'फोल्डर' किंवा 'कॉम्बो' म्हणतात, तो शाबूत असेल तर सर्वांत मोलाचा. कॅमेरे, 'रिंगर' म्हणजे मोठ्या आवाजाचा स्पीकर, कानाशी वाजणारा स्पीकर, थरथर करणारी इवलीशी मोटर, चार्जिंगचा बोर्ड, बटणांच्या पट्ट्या, सिमचा ट्रे, इतकेच काय तर स्क्रूसुद्धा डब्यात जातात. प्रत्येक डब्यावर मॉडेलचे नाव. कारण एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचे भाग बहुधा एकमेकांना लागत नाहीत. बोर्डावरील आयसी गरम हवेच्या मशीनने उचलतात. तेथील बिनशिश्याचे डाख सुमारे २१७ अंश सेल्सिअसला वितळते, तेव्हा ते काम सरावलेल्या हाताचेच.

याचा उपयोग काय, हे एका उदाहरणाने सांगतो. शेतमजुरी करणाऱ्या एक मावशी दुकानात आल्या. घरात एकच मोबाइल, तोही चार्ज होत नव्हता. मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी काढलेले दाखल्यांचे फोटो त्याच्यातच, आणि मुदतीला दोन दिवस उरलेले. त्या मॉडेलचा नवा भाग शहरातून यायला चार दिवस लागणार होते. आमच्या डब्यात त्याच मॉडेलचा पडदा चुरडलेला एक सेट होता. वस्तादांनी त्याचा चार्जिंग बोर्ड काढून मावशींच्या सेटला बसविला. अर्ध्या तासात काम झाले. दोन मेलेल्या सेटांचा एक जिवंत सेट झाला, आणि अर्ज वेळेत गेला.

दानाला कुलूप

परंतु हे दान दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे. काही कंपन्या सुट्या भागाची बोर्डाशी संगणकीय गाठ बांधून ठेवतात. भाग अस्सल, त्याच मॉडेलचा असला तरी दुसऱ्या सेटमध्ये तो नीट चालत नाही किंवा पडद्यावर इशारा झळकतो. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये कायदा करून अशा गाठींना बंदी घातली. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून स्मार्टफोनचे मॉडेल विकणे थांबल्यावरही सात वर्षे सुटे भाग पुरविण्याचे बंधन आले आहे. आपल्या देशातही ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. पैसे देऊन घेतलेली वस्तू आपल्याला उघडता येऊ नये, हा कोठला न्याय?

कोणी म्हणेल, धातू वितळवून परत वापरता येतातच की! येतात, यात शंका नाही. टोकियो ऑलिंपिकची सुमारे ५,००० पदके जुन्या उपकरणांतील धातूंपासून घडविली होती; त्यासाठी जपानी जनतेने सुमारे ६२ लाख मोबाइल दिले, आणि साऱ्या गोळा झालेल्या उपकरणांतून ३२ किलोच्या आसपास सोने निघाले. पण वितळविल्यावर कॅमेऱ्याचा कॅमेरा राहत नाही. उरतो तो चिमूटभर धातू. आणि सगळीकडे ही व्यवस्था तरी कोठे आहे? संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील २२.३ टक्क्यांचीच रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. उरलेल्यातला पुष्कळसा दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत जातो. तेथे गरीब माणसे तारा जाळून, बोर्ड तेजाबात बुडवून तांबे-सोने काढतात आणि तो धूर स्वतःच्या छातीत भरून घेतात. म्हणून वितळविण्याच्या आधी वापर, हा क्रम असावा.

मित्रहो, आपल्या वसतिगृहाच्या एकेका खोलीत असे किती सेट पडून असतील? पडून राहिलेली बॅटरी फुगते, आणि त्या मॉडेलचे सेट बाजारातून गेले की त्याच्या भागांनाही गिऱ्हाईक उरत नाही. तेव्हा सेट पुसा, सिम काढा आणि ज्याच्यावर विश्वास आहे अशा कारागिराला द्या. काहीच वाचण्याजोगे नसेल तर नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे पोहोचवा. घंटागाडीत टाकू नका.

आणखी एक सांगावेसे वाटते. पदवी मिळाल्यावर हे काम सोडणार ना, असे मला घरी विचारतात. सोडेनही कदाचित. पण सातवी शिकलेल्या ज्या माणसाने मला कागदावर स्क्रूंचा नकाशा काढायला शिकविले, त्याला मी अडाणी म्हणू शकणार नाही. आपल्या ग्रंथालयात या विद्येचे मराठी पुस्तक मला सापडले नाही. ते कोणीतरी लिहायला हवे. वस्ताद सांगतील आणि आपल्यापैकी कोणी लिहून घेईल, तर कला शाखेच्या विद्यार्थ्याला याहून चांगले काम कोणते?