बँक उच्चाधिकाऱ्यांची वेतनरचना आणि वित्तीय अरिष्टे

२००८ च्या वित्तीय अरिष्टाची कारणमीमांसा करताना बँकांच्या उच्चाधिकाऱ्यांच्या भरमसाट वेतनाकडे बोट दाखविले जाते. तो रोष स्वाभाविक आहे. तथापि वेतन किती होते यापेक्षा ते कशाच्या आधारे ठरत होते व केव्हा हाती पडत होते, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे.

व्यवस्थापक हा भागधारकांचा अभिकर्ता असतो. भागांच्या किमतीत त्याचे हित गुंतविले की तो मालकाप्रमाणे वागेल, असा सिद्धान्त जेन्सन व मेकलिंग यांच्या १९७६ मधील लेखानंतर दृढ झाला. १९९३ मध्ये अमेरिकी करकायद्याने दहा लाख डॉलरवरील वेतनाची वजावट नाकारली, परंतु कामगिरीशी निगडित वेतन त्यातून वगळले. साहजिकच स्टॉक ऑप्शनचे प्रमाण वाढले. सामान्य उद्योगात हा सिद्धान्त बराचसा पटतो. बँकेत मात्र मालकाचा स्वतःचा पैसा अत्यल्प असतो. २००७ अखेर लेहमन ब्रदर्सची मालमत्ता भागभांडवलाच्या सुमारे तीसपट होती. म्हणजे शंभर डॉलरच्या मालमत्तेत भागधारकांचे जेमतेम सव्वातीन डॉलर! मालमत्तेचे मूल्य चार टक्क्यांनी वाढले तर भांडवल दुपटीहून अधिक. तेवढेच घटले तर भांडवल शून्य, आणि उरलेला तोटा धनकोंच्या वा शासनाच्या माथी. अशा स्थितीत जोखीम वाढविणे भागधारकांच्याच हिताचे ठरते. त्यांच्याशी हितसंबंध जुळविलेला अधिकारी सावध होईल, ही अपेक्षाच चुकीची होती.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, लेहमनच्या अधिकाऱ्यांचे स्वतःचेही भाग बुडाले. ते खरे आहे. परंतु बेबचुक, कोहेन व स्पामान यांनी दाखविल्याप्रमाणे २००० ते २००८ या काळात बोनस व भागविक्री यांतून बेअर स्टर्न्सच्या पाच सर्वोच्च अधिकाऱ्यांनी सुमारे १.४ अब्ज, तर लेहमनच्या पाच जणांनी सुमारे १ अब्ज डॉलर आधीच पदरात पाडून घेतले होते.

म्हणून नंतरच्या सुधारणांचा भर वेतन लांबणीवर टाकण्यावर राहिला. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खासगी बँकांच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या एकूण वेतनाचा किमान निम्मा भाग परिवर्तनीय असावा, त्यापैकी किमान ६० टक्के रक्कम किमान तीन वर्षांत विभागून द्यावी आणि कामगिरी खालावल्यास ती रोखण्याची वा परत घेण्याची तरतूद असावी.

येथे भारतीय अनुभव या संपूर्ण मांडणीला छेद देतो. मार्च २०१८ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील बँकांची ढोबळ अनुत्पादक कर्जे १४.६ टक्क्यांवर पोचली. या बँकांच्या अध्यक्षांचे वेतन शासन ठरविते आणि ते खासगी बँकांच्या तुलनेत तुटपुंजे असते. म्हणजे बोनसच्या मोहाविनाही कर्जे बुडतात. तेथे आशावादी प्रकल्प-अहवाल, सदोष मूल्यमापन आणि बुडीत कर्ज मान्य करण्यातील दिरंगाई पुरेशी ठरते. शिवाय यातील बरीच कर्जे २००६ ते २००८ या तेजीच्या काळात मंजूर झाली होती. ती अनुत्पादक असल्याचे मोठ्या प्रमाणावर उघड झाले, ते २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने मालमत्तेच्या गुणवत्तेची तपासणी सुरू केल्यावर. तीन वर्षांची मुदत त्यावेळी लागू असती, तरी मंजुरी देणाऱ्यांचे सर्व हप्ते तोपर्यंत केव्हाच चुकते झाले असते.